टेम्पो खाली, सामना वरती

बुधवार, ४ ऑक्टोबर २०२३

सातारा स्टँडवरून सकाळी सहाची गाडी धरली. धाकटीचा फोन गेल्या आठवड्यात आला होता. "दादा, बिल्डिंग पाडायला निघालीय. सात तारखेला टेम्पो सांगितलाय. तू ये, हे एकटे काय करणार?" हे म्हणजे आमचे दाजी. दाजींच्या हातात चिकटपट्टी दिली तर तिचं टोक सापडेपर्यंत अर्धा तास जातो, हे मला ठाऊक. म्हटलं येतो. दुसरं कारण तिला सांगितलं नाही. आमच्याकडे केबल बंद करून दीड वर्ष झालं, आणि सातच तारखेला एशियाडमधल्या कबड्डीची फायनल होती. ती तळहाताएवढ्या मोबाईलवर बघायची माझी तयारी नव्हती. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यातली बावीस कबड्डीचा पंच म्हणून गावोगाव शिट्टी फुंकली. एवढा हट्ट करायचा अधिकार मला आहे.

खंबाटकीपर्यंत डुलकी, कात्रजला चहा. द्रुतगती मार्गाला लागल्यावर शेजारच्या पोराच्या मोबाईलवर बातमी आली. चीनमध्ये हांगझोऊला, एशियाडच्या तिरंदाजीत, मिश्र दुहेरीत नागपूरचा ओजस देवतळे आणि ज्योती सुरेखा वेन्नम यांनी कोरियाला १५९-१५८ नं हरवलं. सोळा बाणांत फक्त एक नऊ, बाकी पंधरा दहाचे. हे भारताचं ७१वं पदक. २०१८ला जकार्तात सत्तर होती, म्हणजे तो आकडा मागं पडला. पोरगं म्हणालं, "काका, आता शंभर." म्हटलं, अजून चार दिवस आहेत, बघू.

ठाणे-बेलापूर रस्ता, कळव्याचा पूल, खाली खाडीचं काळपट पाणी आणि ऑक्टोबरचं ऊन. ठाण्याच्या वंदना डेपोला उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. तिथून चरई चालत जाण्याएवढंच, पण पिशवीत आईनं दिलेलं पाच किलो इंद्रायणी होतं. रिक्षा केली. रिक्षावाल्यानं गल्लीचं नाव ऐकून विचारलं, "तीच का, रिडेव्हलपमेंटवाली?" चरईतल्या निम्म्या इमारतींना हे वर्णन लागू पडेल.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दारातच तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मावशींनी, गाऱ्हाणं सुरू केलं, "पितृपक्षात कोणी घर हलवतं का हो?" त्यावर धाकटीनं आधीच तोड काढलेली होती. पितृपक्ष लागायच्या आधी, अनंत चतुर्दशीलाच, घोडबंदरच्या भाड्याच्या घरात देवाची तसबीर ठेवून दूध उतू घालून झालं होतं. त्यामुळे शास्त्रानुसार घर कधीच हललेलं, आता नुसतं सामान हलायचं होतं. मावशींना हे पटलेलं नाही, पण बिल्डरच्या पत्रातली तारीख त्यांनाही वाचता येते.

संध्याकाळी नीरज चोप्रा. खोक्यांच्या मधे चटई टाकून बसलो. त्याची पहिली फेक दिसायला चांगली पडली आणि मग कोणाला मोजताच येईना. यंत्र बिघडलं की माणूस, कळेना. शेवटी त्याला ती फेक पुन्हा करायला लावली. पुढं किशोर जेनाच्या एका फेकीला लाल निशाण दाखवलं आणि मग मागं घेतलं. तीनच दिवसांपूर्वी ज्योती याराजीच्या हर्डल्समध्येही सुरुवातीवरून असाच गोंधळ झाला होता. दाजी चिडले, "हे चिनी लोक मुद्दाम करतात." मी गप्प बसलो. मुद्दाम करणारा पंच मी आयुष्यात दोन-तीनदा पाहिला असेन. गांगरलेले पंच शेकड्यानं पाहिलेत, आणि त्यात आरशातलाही धरा. असो. नीरज ८८.८८, जेना ८७.५४, सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आपली. त्याच संध्याकाळी बीडच्या अविनाश साबळेनं ५००० मीटरमध्ये रौप्य घेतलं. तीन हजार स्टीपलचेसचं सुवर्ण त्याच्या खिशात आधीच होतं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर पॅकिंग. भांडी, भांडी आणि भांडी. धाकटीकडं स्टीलचे डबे किती आहेत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

सकाळीच आमच्या सातारच्या अदिती स्वामीनं ज्योती आणि परनीत कौरबरोबर सांघिक सुवर्ण मारलं. चायनीज तैपेईवर २३०-२२९, पुन्हा एकाच गुणानं. ऑगस्टमध्ये बर्लिनला ही पोरगी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हा आमच्याकडं पेढे वाटले होते. मी मावशींना सांगितलं, ती आमच्या गावची. मावशी म्हणाल्या, "आणि आमचा रुद्रांक्ष?" बिनतोड होतं. या खेळांतलं भारताचं पहिलं सुवर्ण २५ सप्टेंबरला ज्या तिघांनी घेतलं, त्यातला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा. दहा मीटर एअर रायफल, सोबत ऐश्वर्य तोमर आणि दिव्यांश पन्वर, एकूण १८९३.७, विश्वविक्रम. मावशींना आकडा तोंडपाठ नव्हता, पण "वैयक्तिकमध्ये चौथा आला हो, शूटऑफमध्ये गेलं, आपल्याच ऐश्वर्यकडून" एवढं बारीक ठाऊक होतं. पंचाहत्तरीच्या बाईला शूटऑफ म्हणजे बरोबरी फोडायची जादा फेरी हे माहीत आहे. गणपतीत आरतीला जमलेल्या बायकांत हाच विषय होता म्हणे.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

सकाळी एकटाच बाहेर पडलो. जांभळी नाक्यावरून सुतळी आणि जुनी वर्तमानपत्रं आणायची होती. बाजारात गर्दी कमी. पितृपक्षात इथं नवी खरेदी थंडच असते, गर्दी होती ती केळीच्या पानांच्या आणि गवारी-भोपळ्याच्या टोपल्यांपाशी. कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले, तलावपाळीला अर्धी चक्कर मारली. पाण्याला हिरवट वास होता. एका बाकावर दोन पेन्शनर पदकं मोजत बसले होते. एक म्हणे शहाऐंशी, दुसरा म्हणे सत्त्याऐंशी. मी मधे पडलो नाही.

दुपारी कबड्डीचा उपांत्य सामना. भारत ६१, पाकिस्तान १४. हा सामना नव्हताच. पहिल्या लोणनंतर, म्हणजे अख्खा संघ एकदा बाद झाल्यावर, पलीकडच्यांचे खांदे पडले आणि मी उठून पुस्तकांच्या खोक्याला सुतळी बांधायला लागलो. बायकांनीही नेपाळला ६१-१७ नं संपवलं. असे स्कोअर बघून लोक खूश होतात. मला धास्ती वाटते, कारण संघाला फायनलची सवय फायनलसारख्या सामन्यांतूनच लागते. बायकांचा पहिलाच साखळी सामना तैपेईशी ३४-३४ असा बरोबरीत सुटला होता, आणि उद्या पुन्हा तीच तैपेई समोर. पुरुषांपुढं इराण.

इराणचं दुखणं जुनं आहे. १९९०ला बीजिंगमध्ये कबड्डी एशियाडमध्ये आली, तेव्हापासून २०१४पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण आपलं, ओळीनं सात. जकार्तात इराणनं आपल्याला उपांत्य फेरीतच २७-१८ नं आडवं केलं. बायकांची फायनलही इराणनंच घेतली, आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन. हे मी दाजींना सांगितलं तेव्हा त्यांना ती फितुरी वाटली. मला नाही वाटत. विद्या शिकवायला गेलेली बाई शिकवणारच. आणि आता तर सगळं सरमिसळ झालंय. इराणचा कप्तान फझल अत्राचली गेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये पुण्याचा कप्तान होता. आपल्या नगरचा अस्लम इनामदार त्याच्याच हाताखाली खेळला. एकमेकांचे घोटे कुठं दुखतात हे या पोरांना ठाऊक आहे.

संध्याकाळी हॉकी. जपानवर ५-१, सुवर्ण आणि थेट पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट. रात्री कॉलेजातून भाची आली. तिनं भिंतीवरच्या टीव्हीकडं बोट दाखवून विचारलं, "मामा, हा कधी उतरवायचा?"

"सगळ्यात शेवटी."

"म्हणजे मॅचनंतर."

पोरगी हुशार आहे.

शनिवार, ७ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला उठलो. दाजींनी टेम्पो साडेअकराचा सांगितला होता आणि पुरुषांची फायनल साडेबाराची. हा हिशेब त्यांनी मुद्दामच असा ठेवला असावा असा मला संशय आहे. त्यांचा जीव क्रिकेटमध्ये. त्याच दिवशी पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचा संघ अफगाणिस्तानशी फायनल खेळणार होता. तिकडं पावसानं १८.२ षटकांत सामना गुंडाळला, अफगाणिस्तान ५ बाद ११२वर अडकलं आणि मानांकन वरचं म्हणून सुवर्ण आपल्याला मिळालं. दाजींचा हिरमोड झाला. कबड्डीच्या दृष्टीनं बरंच झालं, रिमोट मोकळा राहिला.

पण आधी सकाळ. तिरंदाजीत अदितीनं कांस्य घेतलं, इंडोनेशियाच्या मुलीवर १४६-१४०. मी एकट्यानंच टाळी वाजवली. मग ज्योतीचं सुवर्ण. मग ओजसनं आपल्याच अभिषेक वर्माला १४९-१४७ नं मागं टाकून या खेळांतलं तिसरं सुवर्ण घेतलं. पदकं नव्व्याण्णव. नेमकी तेव्हाच बायकांची कबड्डी रंगात आली. चहा गॅसवर, धाकटी ओट्याशी, आणि स्कोअर २६-२५. शेवटच्या चढाईपर्यंत जीव टांगणीला. जिंकलो, आणि ते शंभरावं पदक ठरलं. धाकटी शाळेत असताना माझ्याच हाताखाली कबड्डी खेळलेली आहे, डावा कोपरा. ती काही बोलली नाही. चहा उतू गेला होता तो पुसायला लागली. मावशी म्हणाल्या, "बघा, दूध इथंही उतू गेलं."

साडेअकराचा टेम्पो बाराला आला. चार हमाल. त्यांनी सोफा, कपाटं, भांड्यांची बारा खोकी तीन मजले उतरवली. साडेबाराला घरात उरलं ते टीव्ही, त्याचं टेबल, सात-आठ खोकी आणि मावशींची आरामखुर्ची. मावशी खुर्चीत, आम्ही खोक्यांवर. एक हमाल पाणी प्यायला आत आला आणि पाण्याचा तांब्या हातात धरून उभाच राहिला. मग दुसरा आला. पाच मिनिटांत चारही जण भिंतीला टेकून बसले. खालून टेम्पोवाल्याचे हॉर्न.

सामना खरा होता. मध्यंतराला आपण १७-१३ पुढं. मग इराणनं एकेक गुण जोडत गाठलं, २८-२८. घड्याळात साधारण एक मिनिट. पवन सेहरावतची चढाई, आणि तीही निर्वाणीची, म्हणजे गुण नाही आणला तर बाद.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण नंतर फोनवर सगळ्यांनी ते उलटसुलट सांगितलं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. त्याच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी असते, ती लॉबी, आमच्या जुन्या भाषेत राखीव क्षेत्र. झटापट होईपर्यंत ही पट्टी मैदानाबाहेर धरायची. चढाईपटूचा आणि पकडणाऱ्याचा स्पर्श झाला की ती मैदानात येते. पवन कोणाला न शिवताच लॉबीत गेला. तो बाद, यात वाद नाही. पण त्याला ढकलायला, अडवायला इराणचे खेळाडू त्याच्या मागोमाग लॉबीत शिरले. स्पर्श झालेला नसताना. मग तेही बाद का? जुना आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो, बाद. आपल्या लीगमध्ये हे बदललं आहे. तिथं चढाईपटू लॉबीत गेला की चढाई तिथंच संपली, एक गुण समोरच्याला, बाकीचे सुरक्षित. आणि मैदानातली निम्मी पोरं वर्षातले तीन महिने त्या लीगच्या नियमानं खेळतात.

पंचांनी आधी दोघांना एकेक गुण दिला. आपण हरकत घेतली. रिप्ले पाहिला, भारताचे गुण वाढवले. इराणनं हरकत घेतली, निर्णय फिरवला. मग आपण. खेळाडू मॅटवर बसले, आधी एक संघ, मग दुसरा. कोट घातलेले अधिकारी आत आले, हातवारे करायला लागले. टीव्हीवर तोच रिप्ले दहा वेळा.

खोलीत सगळे बोलत होते. दाजी, भाची, हमाल, सगळ्यांना निर्णय माहीत होता. एक हमाल म्हणाला, "आमच्याकडं असं झालं असतं तर एव्हाना खुर्च्या मोडल्या असत्या." भाचीनं मला विचारलं, "मामा, तुम्ही काय दिलं असतं?"

मी लगेच काही बोललो नाही. माझी नजर त्या पांढऱ्या शर्टातल्या पंचावर होती. त्याचा उजवा हात वर गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला. तो हात मला ओळखीचा आहे.

१९९८ साल. आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावची यात्रा, गावाचं नाव घेत नाही. रात्रीचा सामना, मातीचं मैदान, चुन्याच्या रेघा निम्म्या पुसलेल्या, चार ट्यूबलाइटींचा उजेड. मी पंच. अशीच चढाई, अशीच लॉबी. चढाईपटूनं कोणाला शिवलं की नाही ते मला दिसलं नाही. दिसलं नाही हे कबूल करायचं सोडून मी हात वर केला, एक गुण दिला. पलीकडून ओरडा झाला, मी हात फिरवला. अलीकडून ओरडा झाला, पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळी माझ्या हाताला किंमतच उरली नव्हती. आम्हा पंचांना शाळेच्या खोलीत कोंडलं, रात्री दोनपर्यंत. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्या रात्री मैदानाच्या सरपंचाचं कोणी ऐकलं नाही, शेवटी गावच्या सरपंचानं येऊन निकाल दिला. चषक एक, संघ दोन. एकानं चषक नेला, दुसऱ्यानं त्याची लाकडी बैठक. खोटं नाही सांगत, ती बैठक आजही त्या मंडळाच्या कपाटात आहे.

"इराणचे सगळे बाद दिले असते का?" भाची सोडायला तयार नव्हती.

"आधी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं असतं," मी म्हणालो, "आणि दोन्ही कप्तानांना दाखवलं असतं. मग हात वर."

दाजी म्हणाले, "तोवर टेम्पोवाला निघून गेला असता." टेम्पोवाला तेव्हाच दारात उगवला. वेटिंगचे पैसे लागतील असं सांगायला आला होता. स्क्रीन बघून म्हणाला, "अजून तिथंच आहे होय? मी खाली मोबाईलवर बघत होतो, तो अडकला." आणि बसला. आता दहा माणसं, आठ खोकी, एक टीव्ही. तासभर जवळजवळ हे चाललं. धाकटीनं शेवटचं उघडं राहिलेलं पातेलं काढून पुन्हा चहा टाकला, पण कप सगळे टेम्पोत. हमालांना तांब्यात, आम्हाला डब्यांच्या झाकणांत.

शेवटी निकाल आला. भारताला ३, इराणला १. म्हणजे ३१-२९. उरलेल्या मिनिटात आपण अजून दोन घेतले आणि ३३-२९ नं जिंकलो. खोलीत जल्लोष झाला, एका हमालानं भाचीच्या हातावर टाळी दिली. मीही ओरडलो. पुस्तकाप्रमाणं निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. पण फझलचा चेहरा दाखवला तेव्हा आवाज जरा खाली आला माझा. त्याच्या जागी मी असतो तर मीही मॅटवर बसलो असतो. चूक पवनची नाही, इराणचीही नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या संघांना एका खोलीत बसवून लॉबीचा नियम मोठ्यानं वाचायला दहा मिनिटं लागतात. यात्रेतल्या स्पर्धेतही आम्ही ते करायला लागलो, त्या रात्रीनंतर.

टीव्ही मी स्वतः उतरवला. भिंतीवर त्याच्या मागं फिकट चौकोन राहिला, चोवीस वर्षांच्या धुरा-धुळीतला एकमेव स्वच्छ तुकडा. टेम्पो निघाला तेव्हा साडेतीन वाजले होते. घोडबंदर रोडला मेट्रोच्या पत्र्यांमधून कासारवडवलीला पोचेपर्यंत सव्वापाच. वेटिंगचे पैसे टेम्पोवाल्यानं घेतले नाहीत. त्याऐवजी मावशींकडून एक जुना पितळी डबा मागून घेतला. दोघंही खूश.

रविवार, ८ ऑक्टोबर

आज भारताचं काही नव्हतं, फक्त समारोप. एकूण १०७ : २८ सुवर्ण, ३८ रौप्य, ४१ कांस्य. चीन, जपान, कोरियानंतर चौथा नंबर. नव्या घरात टीव्ही अजून खोक्यात, केबलवाला मंगळवारी येणार.

दुपारी दोनची गाडी. सकाळी फिरायला म्हणून खाली उतरलो. टॉवरच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, खडी आणि गवत. तिथं सात-आठ पोरं, दहा-बारा वर्षांची. विटेनं रेघा ओढून कबड्डी चालली होती. कबड्डी कसली, कालची चढाईच पुन्हापुन्हा चालली होती. एक पवन, चार इराणी. पवन लॉबीत उडी मारायचा, चौघं मागोमाग, आणि मग सगळे मिळून भांडायचे. मॅटवर बसायचंसुद्धा विसरत नव्हते. एक जण खडीवर मांडी घालून बसला आणि "उई" म्हणून उठला.

मला बघून एकानं विचारलं, "काका, तुम्ही पंच होता?"

"सरपंच म्हण."

मला रेघेशी उभं केलं. चढाई झाली. पोरगा कोणाला न शिवता विटेच्या रेघेबाहेर गेला, त्याच्या मागं तिघं. चौथा आतच थांबला होता, शहाणा. सगळी माझ्याकडं बघायला लागली. वर करायला निघालेला हात मी खाली घेतला.

"आधी सांगा," मी म्हणालो, "नियम कुठला? लीगचा का एशियाडचा?"

त्यावर जे सुरू झालं ते मी निघेपर्यंत संपलेलं नव्हतं. गाडी ठाण्याहून वेळेवर सुटली.